विहिरीतला मासा आणि वाचकाचा हट्ट

पाठीवर नळकांडी बांधून समुद्राचा तळ पाहायचा तर तारकर्लीला जावे. जालना जिल्ह्यात त्यासाठी विहीर आहे. घनसावंगी तालुक्यात मामांच्या मळ्यात दगडी बांधणीची एक जुनी विहीर आहे. दिवाळीनंतर गाळ खाली बसला की तिच्या पाण्यातल्या पायऱ्या मोजता येतात. भाच्याचा पोहण्याचा चष्मा लावून मी तिथे बुडी मारली आणि कपारीपाशी तो मासा दिसला. हातभर लांब, सोनेरी-तपकिरी, मोठ्या खवल्यांचा, तोंडाशी मिश्या. दम टिकला तेवढा वेळ पाहिला. वर आलो तेव्हा त्याचे नाव माझ्यापाशी तयार होते.

हे नाव पुस्तकातून आलेले होते. कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स या मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनमधल्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. नव्या जातींना नावे देताना त्याने अनेक ठिकाणी इथलेच शब्द घेतले. शिंगाळा त्याच्या कागदावर 'सींघाला' झाला. पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेला महसीर 'खुद्री' झाला. त्या महसीराला शास्त्रज्ञ आजही 'टोर खुद्री' म्हणतात. नदीकाठच्या भोयांच्या तोंडचा शब्द लॅटिनच्या पंक्तीला जाऊन बसला, हे उदाहरण मी वर्गात भाषांतराच्या तासाला किती वेळा दिले असेल! मोठे खवले, मिश्या, दख्खनचे पाणी. हा खुद्रीच. संध्याकाळपर्यंत मनात अर्धा लेखही लिहून झाला होता.

रात्री ओसरीवर मामेभावाला वर्णन सांगितले. त्याने पुरते ऐकूनही घेतले नाही. "दादा, सायपरनस हाय तो. दोन वर्साखाली बोटुकली सोडली व्हती म्या."

मी वाद घातला. मग त्याने साधा प्रश्न विचारला: पाठीवरचा पर केवढा होता? मी डोळे मिटले. पर लांब होता. पाठीच्या मध्यापासून जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला. महसीराचा पर आखूड असतो. मिश्यांच्या दोन जोड्या मात्र दोघांनाही असतात. म्हणजे पर मला दिसला होता, पण माझ्या नावात तो बसत नव्हता म्हणून मी तो वर्णनातून गाळला होता. महसीर वाहत्या, खडकाळ नदीचा रहिवासी. तो साचलेल्या विहिरीत कसा, हा प्रश्नही मी स्वतःला विचारला नव्हता.

'सायपरनस' म्हणजे सिप्रिनस कार्पिओ. लिनीयसने १७५८ साली नोंदवलेले हे नाव मुळात ग्रीक. हा मासा १९३९ साली निलगिरीत आणला गेला आणि १९५७ साली बँकॉकहून त्याचा दुसरा वाण आला. रोहू-कटल्याप्रमाणे अंडी घालायला त्याला वाहते पाणी लागत नाही, म्हणून तो तळ्यांत रुळला. मत्स्यबीजाबरोबर त्याचे शास्त्रीय नावही गावोगाव पोचले आणि शेतकऱ्यांनी ते आपल्या जिभेवर घासून मराठी करून टाकले. साइक्सने मराठी शब्द लॅटिनमध्ये नेला. माझ्या मामेभावाने लॅटिन शब्द मराठीत आणला. मी मात्र पहिल्याच प्रवासाच्या प्रेमात होतो, दुसरा माझ्या घरात घडत असूनही.

मला खंत वाटते ती मासा चुकल्याची नव्हे. विद्यार्थ्याने कवितेतली अडचणीची ओळ वगळून अर्थ लावला की मी लाल शाईने 'संहितेकडे परत जा' असे लिहितो. विहिरीत मी तेच केले, आणि तेही पुरावा डोळ्यांसमोर असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उतरलो. मासा त्याच कपारीपाशी होता. या वेळी आधी पर पाहिला.