जरी-तरीची जोडी

परवा रोवण्याहून घरी आलो, पाय धुतले आणि ओसरीत टेकलो, तर नववीतली नात वही घेऊन समोर उभी.

"आबाजी, ऑलदो आन् डिस्पाइट, दोन्हीचा अर्थ 'तरी'च होते ना? मंग बाईनं माझं वाक्य काहून कापलं?"

वही पाहिली. डिस्पाइट लिहून तिनं पुढं 'पाऊस नव्हता' असं अख्खं वाक्य जोडलं होतं. मी म्हटलं, "ऑलदोच्या पुढं कर्ता-क्रियापदासकट पूर्ण वाक्य चालते. डिस्पाइटच्या पुढं नुसतं नाम पाहिजे. 'पाऊस नव्हता' नाही, 'पावसाचा अभाव' असं काही ठेव."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. दहावी झालेला म्हातारा, चिखलाचे हात, आणि इंग्रजीचं व्याकरण सांगतो! तिला म्हटलं, "बस. या शब्दांपायी आपल्या गावाचा बांबूचा एक हंगाम बुडाला होता. तो बुडवण्यात तुझ्या आबाचाही हात होता."

मी १९७७ साली दहावीला होतो. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातलेच. वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. शाळा दोन कोसांवर. इंग्रजी पाचवीपासून, तेही धाकानं शिकलेलं. एकदा गुरुजींनी वाक्य दिलं, जरी तो गरीब आहे तरी तो प्रामाणिक आहे. मी जरीसाठी सुरुवातीला 'दो' ठेवला आणि तरीसाठी मधात 'बट'. गुरुजींनी लाल शाईनं बट उडवला.

म्हणाले, "जरी आणि तरी ही मराठीतली बैलजोडी आहे. इंग्रजीत एकच बैल नांगर ओढतो. दो जुंपला तर बट सोडायचा, बट जुंपला तर दो सोडायचा."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तिची किंमत मला तीस वर्षांनी कळली. "या शब्दांचे अर्थ पाठ करू नका. वाक्यात हारलं कोण ते पाहा. दो ज्याच्या डोक्यावर बसला, ते हारलं. बटच्या पुढं आलं, त्याचं वजन जास्त. हाउएव्हर बहुतेक नवं वाक्य घेऊन येतो, कामही बटचंच करतो. आणि व्हाइलनं कधी नुसती तुलना होते. एकानं धान लावला, तर दुसऱ्यानं तूर. तिथं कोणी हारत नाही."

पास झालो, नांगर धरला, इंग्रजी विसरलो. गावात मात्र 'दहावीवाला' हे नाव पडलं ते पडलंच. कोणताही कागद आला की माझ्या हातात.

तसाच वनहक्काचा कायदा आला. संसदेनं तो २००६ साली केला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला. आम्ही ग्रामसभेतून सामूहिक हक्काचा दावा केला, तो मंजूर झाला. बांबू तोडायचं ठरलं, गिऱ्हाईकही बोलून ठेवलं. तेवढ्यात एका कार्यालयातून निरोप आला, आमच्या परवान्याशिवाय माल हलवता येणार नाही. कार्यालयातले साहेब कायद्याचं इंग्रजी पुस्तक घेऊनच बसले होते. कलम ४, पोटकलम १. त्यातल्या 'सब्जेक्ट टू' वर बोट ठेवून म्हणाले, "याचा अर्थ कळते का? अधीन. तुम्ही अधीन आहात."

मला तोवर वाटे, सब्जेक्ट म्हणजे विषय. शाळेत गणित, भूगोल हे सब्जेक्ट. साहेबांनी अधीन म्हटलं आणि मी गप्प झालो. कोणाच्या अधीन, हे विचारलं नाही. त्याच ओळीत अगोदर एक लांबलचक शब्द होता, नॉटविथस्टँडिंग. तो साहेबांनी वाचलाच नाही. मी वाचला, पण कळला नाही.

रात्री ग्रामसभा बसली. लोकांनी विचारलं, काय लिहिलं आहे? मी त्या शब्दाचे तुकडे केले. नॉट म्हणजे नाही, विथ म्हणजे सोबत, स्टँडिंग म्हणजे उभं. आणि छातीठोकपणे सांगितलं, हा कायदा दुसऱ्या कायद्यांसोबत उभा राहत नाही. आमचे म्हातारे पाटील विडी विझवून म्हणाले, "जो एकटा उभा राहते, त्याचं काय चालते जी?" सभा उठली. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. त्या वर्षी बांबू जंगलातच उभा राहिला आणि गावातले पोट्टे कामासाठी आंध्रात गेले. कोणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढं २७ एप्रिल २०११ रोजी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची बातमी आली. त्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला होता. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण तिथं आले आणि बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कायदा तोच, कलमं तीच. मेंढ्याचे लोक अभ्यासगट करून कायदा वाचत, हे आम्हाला ठाऊक होतं. आम्हीही मग कायद्याची मराठी प्रत आणली आणि तेच कलम उघडलं.

त्या लांबलचक शब्दाच्या जागी मराठीत होतं, दुसऱ्या कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी.

तरी! आमचाच बैल. गुरुजी आठवले. हारलं कोण? नॉटविथस्टँडिंगच्या पुढं जे नाव येते, ते हारलं. त्या ओळीत त्याच्या पुढं इतर कायदे होते. म्हणजे हा कायदा एकटा पडला असं नाही, बाकीचे कायदे याच्यापुढं उभे राहू शकत नाहीत. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणती झाडात होती, आणि २००६ च्या कायद्यात तो तेंदूपानांसारखा गौण वनोपज. दोघांचं जुळलं नाही तर वजन कोणाचं, ते त्या एका शब्दानं ठरवलं होतं. (वन कायद्यातल्या झाडांमधून बांबू २०१७ साली निघाला.)

सब्जेक्ट टूचं उलट. त्याच्या पुढं ज्याचं नाव, तो वरचा. साहेब सांगत होते ते अर्धं खरं होतं, आम्ही अधीन होतोच. पण पुढं नाव होतं ते याच कायद्याच्या तरतुदींचं, कोणत्या कार्यालयाचं नाही.

ग्रामसभेत पुन्हा उभा राहिलो. अगोदर माझी चूक कबूल केली, मग फरक सांगितला. मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "म्हन्जे असं ना बाप्पा, सासू काही म्हनो, तरी मी माहेरी जाईन, हा पयला शब्द. आन् सासूच्या मर्जीत राहून जाईन, हा दुसरा." सारे हसले. मी एवढ्या वेळात सांगितलं नसतं, ते तिनं एका दमात सांगितलं. पाटील तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "मंग तवा काहून नाही सांगितलं, मास्तर?"

पुढं सप्टेंबर २०१२ मध्ये नियमच बदलले आणि वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. आमचा बांबू गेला, मजुरी गावात वाटली गेली.

दुसरा शब्द मी आजही विसरू देत नाही. त्याच कायद्यात कलम ५ आहे. जंगल आणि जंगलातले प्राणी राखायची जबाबदारी ते ग्रामसभेवर ठेवते. शिकारीचा हक्क तर कायद्यानं दिलाच नाही. कोवळा बांबू तोडणारा कोणी सभेत म्हणाला की जंगल आता आपलं आहे, तर मी म्हणतो, आहे, अधीन राहून आहे.

नातीनं सगळं ऐकलं. वाक्य दुरुस्त करून आणलं. पावसाचा अभाव असूनही आबाने रोवणा केला. ऑलदोचंही लिहिलं, जरी पाऊस नव्हता तरी केला. बट कुठंच नव्हता.

"यात हारलं कोण?" मी विचारलं.

"पाऊस," ती म्हणाली.

मी बाहेर पाहिलं. बांध्यांत पाणी जेमतेम होतं. व्याकरणात तरी पाऊस हारला होता.