शेवटची वीस पानं

फर्स्ट इयरला असताना रेक्टर सरांनी माझ्या गादीखालून तीन पुस्तकं काढली. शेजारच्या रूममधली पोरं दारात जमली. गादीखाली कसली पुस्तकं असतात ते हॉस्टेलमध्ये कोणाला सांगावं लागत नाही! पण निघाल्या रहस्यकथा. पिवळी पडलेली पानं, कव्हरवर पिस्तूल आणि किंचाळणारी बाई. पोरांची निराशा झाली. सरांनी एक पुस्तक चाळलं आणि विचारलं, "इंजिनिअर व्हायचंय की गुंड?" पुस्तकं जप्त. त्याच रात्री दहा वाजता सरांच्या खोलीतून 'सी.आय.डी.'च्या जुन्या भागाचा आवाज येत होता, ही गोष्ट वेगळी. (सर, हे वाचत असाल तर राग मानू नका. नो ड्यूजवर तुमची सही बाकी आहे.)

तेव्हा मान खाली घालून उभा राहिलो. पण सरांना सांगायची एक गोष्ट माझ्याकडे होती. ती आता सांगतो.

मी चकलांब्याचा. तालुका गेवराई, जिल्हा बीड. आमच्या तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे, तिथे १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. हे नाव ऐकलं की मेसमधली लातूरची मंडळी विचारतात, "अजून शिल्लक आहेत का रे राक्षस?" असो. राक्षस नाहीत, पण माझे थोरले चुलते आहेत. त्यांना सगळे नाना म्हणतात.

नाना चौथीत होते तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडला आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे आजोबांबरोबर ऊसतोडीला. आमच्याकडच्यांना हे नव्याने सांगायला नको, पण कोकणातल्या मित्रांसाठी सांगतो: दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार टाकायचा आणि कारखान्याच्या पट्ट्यात जाऊन कोपी बांधून राहायचं. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात. माणसाला अवजाराचं नाव! परत यायचं ते पाडव्याच्या पुढेमागे.

अशाच एका सीझनला ऊस न्यायला येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने नानांना एक पुस्तक दिलं. नाना तेव्हा सतराअठरा वर्षांचे. पुस्तकाला कव्हर नव्हतं, पहिला फॉर्मा गळालेला. त्यामुळे नाव नाही, लेखकही नाही. नाना म्हणतात अर्नाळकरांचं होतं. पण नानांच्या लेखी सगळ्याच रहस्यकथा अर्नाळकर, जसं आमच्या आजीच्या लेखी सगळं वनस्पती तूप म्हणजे डालडा. बाबूराव अर्नाळकर, खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. धनंजय आणि छोटू, झुंझार, काळा पहाड ही सगळी त्यांची मंडळी. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहून १९९६ मध्ये हा माणूस गेला. आम्हाला चार युनिटच्या नोट्स लिहायच्या तर मनगट दुखतं.

तर गोष्ट अशी. एक म्हातारा श्रीमंत शेठ बंगल्यात मेलेला सापडतो, खोली आतून बंद. संशय तिघांवर: पुतण्या, मुनीम आणि गरिबांना फुकट औषध देणारा एक डॉक्टर. नाना चौथी नापास म्हणा ना, अक्षरं जुळवत जुळवत वाचायचे. रात्री भाकरी झाली की चिमणीच्या उजेडात आठदहा कोपींतली माणसं जमायची. दिवसभर मोळ्या वाहिलेली माणसं, पाचसहा पानांत डोळे मिटायचे. मग पुस्तक बंद, पुढचं उद्या. दुसऱ्या दिवशी फडात कोयता चालवताना वाद. बहुतेकांचं मत मुनीम. का, तर हिशेब त्याच्याकडे असतो! एक म्हातारी म्हणायची, डॉक्टर. फुकट कोणी काही देत नसतं. मुकादमसुद्धा येऊन बसायचा. त्याचा संशय पुतण्यावर. मुनिमाला तो काही केल्या दोष देईना. याचं कारण तुम्हीच ओळखा.

सीझन संपला तेव्हा शेवटची वीस पानं राहिली होती. घरी गेल्यावर वाचू, म्हणून नानांनी पुस्तक वळकटीत बांधलं. घरी आल्यावर आजोबांच्या हाती लागलं. खुनाची पुस्तकं वाचून पोरगं वाया जाईल, कोणाचा तरी मुडदा पाडून येईल, असं म्हणून त्यांनी ते पाणी तापवायच्या चुलीत घातलं.

मी नानांना एकदा विचारलं, "नाना, खरंच कधी तसं काही मनात आलं का हो?"

"आलतं की," नाना म्हणाले. "एकदाच. आमच्या म्हाताऱ्यानं पुस्तक जाळलं तव्हा."

सेकंड इयरला कम्युनिकेशन स्किल्सच्या सेमिनारला विषय हवा होता. सगळ्यांनी ग्लोबल वॉर्मिंग घेतलं. मी 'पेनी ड्रेडफुल' घेतलं आणि शोधता शोधता नानांच्या कोपीतून थेट लंडनला पोचलो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात डिकन्सची कादंबरी महिन्याला एक भाग अशी यायची, किंमत एक शिलिंग. शिलिंगात बारा पेनी. हमालाला, फेरीवाल्याला ते परवडायचं नाही. त्यांच्यासाठी एका पेनीला आठ पानांचा साप्ताहिक भाग निघू लागला. बारीक टाइप, पहिल्या पानावर भयानक चित्र. 'व्हार्नी द व्हँपायर' १८४५ पासून असाच दोन वर्षं चालला. ज्यांना वाचता येत नव्हतं ते वाचणाऱ्याभोवती जमायचे. हेन्री मेह्यूने लंडनच्या गोरगरिबांवर लिहिलंय, त्यात भाजीपाला विकणारे फेरीवाले अशा गोष्टी दुसऱ्याकडून वाचून घेतात, असं आहे. ते वाचलं तेव्हा मला कोपी दिसली आणि चिमणी दिसली.

या गोष्टींतला सगळ्यात नावाजलेला खलनायक म्हणजे स्वीनी टॉड. १८४६-४७ मध्ये एडवर्ड लॉइडच्या साप्ताहिकात तो पहिल्यांदा आला. फ्लीट स्ट्रीटवरचा न्हावी. एकटंदुकटं गिऱ्हाईक आलं की खुर्चीत बसवायचं आणि खटका ओढायचा. माणूस तळघरात आणि पुढचं मिसेस लव्हेटच्या दुकानात, मटणाच्या पायमध्ये! (मेसच्या नॉनव्हेजवर मी बोलत नाही.) मेकॅनिकलवाल्यांनी त्या खुर्चीकडे नीट बघावं. जमिनीचा तो तुकडा मधल्या आसावर फिरणारा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची. गिऱ्हाईकासकट एक खुर्ची खाली गेली की दुसरी रिकामी खुर्ची वर येणार. दुकान पुन्हा जसंच्या तसं. कोणाला पत्ता नाही. थिअरी ऑफ मशीन्सच्या व्हायव्हात मी हे उदाहरण दिलं. एक्स्टर्नल हसले, पण मार्क वाढले नाहीत.

जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा दुसरा मोठा लेखक. 'मिस्टरीज ऑफ लंडन' त्याने १८४४ पासून आठवड्याला एक पेनी या दराने चालवली. त्याच्या गोष्टीत मुडदे उकरून विकणारा भुरटा आहे, तसेच बंगल्यात राहणारे उमराव बदमाषही आहेत. रेनॉल्ड्स स्वतः मजुरांच्या मताधिकारासाठी सभा गाजवणारा माणूस होता. पेनी देणाऱ्या वाचकाला कोणाच्या हातात सुरा दिलेला आवडेल ते त्याला नीट माहीत होतं. आमच्या कोपीतल्यांनी मुनिमावर संशय घेतला तो काही उगाच नाही.

आणि हा रेनॉल्ड्स पुण्यातही वाचला जात होता. हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती'. १८८५ साली ती छापली जाऊ लागली आणि तिचा सांगाडा रेनॉल्ड्सच्याच 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'वरून घेतलेला. ज्या आपट्यांना आपण मराठी सामाजिक कादंबरीचे जनक म्हणून पाच मार्कांना लिहितो, त्यांची सुरुवात इथून!

पण लंडनच्या मोठ्या माणसांना ही पुस्तकं कधीच आवडली नाहीत. १८९५ च्या जुलैमध्ये पूर्व लंडनमधल्या प्लेस्टो भागात रॉबर्ट कूम्ब्ज नावाच्या तेरा वर्षांच्या पोराने आपल्या आईला भोसकून मारलं. वडील जहाजावर नोकरीला, दूर समुद्रात. घरात पेनी ड्रेडफुलचा ढीग सापडला आणि वर्तमानपत्रांना गुन्हेगार मिळाला: पुस्तकं! कोर्टाने पोराला वेडा ठरवून ब्रॉडमूरला पाठवलं. सेमिनारसाठी एवढं मटेरियल पुरेसं होतं, सरांचा आणि आजोबांचा मुद्दा सिद्धच झाला म्हणा ना. पण मी पुढे वाचत गेलो. १९१२ मध्ये तो सुटला, ऑस्ट्रेलियाला गेला. पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती झाला आणि गॅलिपोलीला गोळीबारात जखमींचं स्ट्रेचर उचलायचं काम करत होता. त्याला मिलिटरी मेडल मिळालं. त्याने आईला मारलं हे काही त्यामुळे पुसलं जात नाही. पण ढीग तोच वाचलेला होता. खुनाचं खापर त्या ढिगावर फोडायचं, तर स्ट्रेचरचं श्रेय कोणाला द्यायचं?

नानांनी त्या पुस्तकानंतर वाचन सोडलं नाही. बसस्टँडवरून, रद्दीतून, मिळेल तिथून पुस्तकं आणली आणि आजोबांना दिसणार नाहीत अशी कडब्याच्या गंजीत ठेवली. दोन वर्षांनी उचलीचा हिशेब करताना मुकादमाने वही पुढे केली आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड सरकवला. नानांनी वही ओढून घेतली, चिमणीजवळ नेली आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. फिटलेली एक रक्कम बाकीत तशीच धरलेली होती. तेवढी खोडायला लावली आणि मग सही केली. आठ कोयत्यांचे हिशेब त्या रात्री नानांनी वाचले. मुकादम नंतर गोष्टीला यायचा बंद झाला.

गेल्या दिवाळीत नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला हिरवं फडकं, वाचायला बंदी. मी ओसरीवर बसून तीन रात्री त्यांना स्वीनी टॉड सांगितला. खुर्चीचं मेकॅनिझम समजावताना मी कागदावर फिगर काढायला लागलो, तर नाना म्हणाले, "कशाला काढतूस? गाडी उलाळ व्हती तसंच की." शेवटी टॉड पकडला गेला, फासावर गेला, तेव्हा समाधानाने मान हलवली. मग जरा वेळाने विचारलं, "आन् आपल्या शेठला कुनी मारलं रं?"

चाळीसहून जास्त वर्षं झाली या प्रश्नाला. मी पुण्यात अप्पा बळवंत चौक पालथा घातला, रद्दीवाल्यांकडे धुळीत बसलो. अर्नाळकर मिळाले, गुरुनाथ नाईक मिळाले, 'दुनियादारी'वाल्या सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद मिळाला. बंद खोलीतले शेठही दोन मिळाले. पण तो डॉक्टर आणि तो मुनीम एकत्र कुठेच नाहीत.

मागच्या महिन्यात पी.एल.मध्ये फोन केला तेव्हा नानांचा आवाज थकलेला वाटला. मला राहवलं नाही. म्हटलं, थाप मारू.

"नाना, ते पुस्तक सापडलं! मुनिमानंच मारलं शेठला."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

"न्हाई," नाना म्हणाले. "मुनीम नसंल. तो लई सरळ दिसत व्हता, आम्हीच उगं त्याच्यावर डाव धरला. तू दुसरंच पुस्तक वाचलंस. परत बघ."