तिघांचा तक्ता

बालवाडीच्या भिंतीवर प्राण्यांच्या कुटुंबांचा तक्ता असतो. सिंह, सिंहीण, छावा. बोका, मांजर, पिल्लू. आणि शेवटी बाबा, आई, बाळ. रांगा देखण्या, पण खऱ्या थोड्याच. बोका पिल्लांकडे ढुंकूनही पाहत नाही. गीरचे नर सिंहिणींपासून बहुतेक वेळ वेगळेच हिंडतात. माणसाच्या घराचा एक नमुना घेऊन सगळं रान त्यात कोंबलेलं, आणि तो नमुनाही साऱ्या माणसांचा नव्हे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला कुटुंब शिकवायचं, तर घरात कोण कोण आहे यापेक्षा कोण कोणासाठी काय करतं, हे आधी दाखवावं.

नवी मुंबईच्या तुर्भ्यात त्यासाठी लांब जायला नको. बाजार समितीच्या आवारात कावळा-कावळी दोघं मिळून पिल्लांना भरवतात, आणि त्यांत कधी कोकिळेचंही पिल्लू पोसलं जातं. खाडीच्या चिखलातल्या निवट्यांच्या काही जातींत बिळातल्या अंड्यांची राखण नर करतो. ठाणे खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांत नर-मादी दोघंही पिल्लाला गळ्यात तयार होणारं दूध पाजतात. पुढे वीण-वसाहतीतली पिल्लं एकत्र वाढतात, तरी आईबाप आपलं पिल्लू आवाजावरून शोधून भरवतात. पाळणाघर ही काही शहराने काढलेली टूम नव्हे! आणि माणसं? याच बाजारात ओझी वाहणाऱ्या माथाडींपैकी कितीतरी जणांची घरं सातारा-सांगलीकडे. बाप इथे, लेकरं आजीजवळ. तक्त्यातल्या रांगेत ते घर बसत नाही, पण कुटुंब म्हणून त्यात उणं काय आहे?

एवढं लहान मूल गोंधळेल, असं कोणी म्हणेल. चार वर्षांचं पोर आत्या आणि मावशीत गल्लत करत नाही. त्याला कावळा-कोकिळा जड जाणार नाही. दुसरा आक्षेप नीतीचा: बोका निघून जातो, मग बापानेही जावं का? पण प्राण्यांकडून धडे घेण्याची खोड त्या तक्त्याचीच आहे. सिंहाला कुटुंबवत्सल केलं ते त्यानेच. बोका बोक्यासारखा वागतो, एवढं सांगून थांबता येतं. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. 'तुला कोण भरवतं' असं वर्गात विचारलं, तर एखादं मूल सगळ्यांदेखत उघडं पडेल. म्हणून तर सुरुवात कावळ्यापासून करायची. मुलाला वाटलं तर ते स्वतःच्या घराचं बोलेल, नाहीतर कावळ्याचंच बोलत राहील. ताईंनी खोदून विचारू नये. परिसरातून अशी सुरुवात करणं नवं नाही: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं, ते मुलाच्या परिसराला धरून. तुर्भ्याच्या अंगणवाडीला परिसर म्हणजे खाडी, बाजार आणि झाडावरचं घरटं. तक्ता काढून टाकायचीही गरज नाही. फक्त बोक्याच्या चित्रावर बोट ठेवून 'हा खरंच इथे असतो का रे?' एवढं विचारावं. मांजरं पाहिलेली पोरं उत्तर देतील.