तारोबा

तारो आमच्याकडे पिल्लू म्हणून आला नाही. आला तो आपली मतं पक्की झालेला मध्यमवयीन गृहस्थ म्हणून. जपानमधल्या चिबा प्रांतात आम्ही घर घेतलं, तेव्हा शेजारच्या आजी वृद्धाश्रमात निघाल्या होत्या आणि तिथे कुत्र्याला मज्जाव होता. तांबूस पाठ, गालांना आणि पोटाखाली पांढुरका रंग, पाठीवर वळलेली शेपटी, वजन दहा किलोच्या आत. शिबा जातीचा अगदी नमुना. आजींनी पट्टा, वाडगा आणि एक वही आमच्या हवाली केली. खाण्याच्या वेळा, फिरायचा रस्ता, कुठल्या कोपऱ्यावरच्या कुत्र्याशी त्याचं वाकडं आहे, सगळं बारीक अक्षरात. शेवटच्या पानावर एकच सूचना: उगाच कवटाळू नका, तो येईल.

तो आला, पण स्वतःच्या सवडीने. मी भाजी निवडायला बसले की हातभर अंतर राखून बसायचा, तेही पाठ करून. मी सरकले की तोही तेवढाच सरकायचा. शिबा पाळणारे इथे या अंतराची मजेत चर्चा करतात. फिरायला नेलं आणि रस्ता पसंत पडला नाही, तर चारही पाय रोवून बसकण मारायची. पट्टा ओढला की मानेची कातडी गालांवर जमा होऊन तोंड पुरीसारखं फुगायचं, पण पाऊल हलायचं नाही. नखं कापताना त्याने पहिल्यांदा टाहो फोडला, तेव्हा समोरचे काका अनवाणी धावत आले होते. सासूबाई सांगलीहून आल्या की त्याला 'अहो तारोबा' म्हणायच्या. "काय हो तारोबा, रुसलाय व्हय आज?" त्यांच्याशी मात्र त्याचं जमलं, कारण त्या त्याला हात लावायच्या नाहीत. अडचण एकच होती. आमच्या स्वयंपाकात कांद्याशिवाय पान हलत नाही आणि कांदा कुत्र्याला विष. पोह्यांचा घास त्याच्यापुढे जाऊ नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसायची.

हा ताठा रक्तातलाच. शिबा मुळात डोंगराळ भागातला शिकारी कुत्रा, झुडपांतून पक्षी आणि ससे उठवणारा. मालकाच्या तोंडाकडे बघत बसला असता तर सावज केव्हाच पसार झालं असतं. मेइजी काळात परदेशी कुत्रे आले, संकर वाढला, आणि अस्सल देशी कुत्रा शोधायची वेळ आली. साइतो हिरोकिची यांनी 1928 साली देशी कुत्र्यांच्या जतनासाठी संस्था काढली. शिबुया स्टेशनवर मेलेल्या मालकाची वाट पाहणाऱ्या हाचिकोची हकिगत वर्तमानपत्रापर्यंत नेणारे हेच गृहस्थ. 1936 साली सरकारने शिबाला 'नैसर्गिक स्मारक' ठरवलं. जित्याजागत्या कुत्र्याला स्मारकाचा दर्जा! पुढे युद्धात माणसांचीच उपासमार झाली, तिथे कुत्र्यांना कोण विचारतो? उरल्यासुरल्यांवर डिस्टेंपरची साथ आली. त्यातून जे वाचले त्यांच्यावर जात पुन्हा उभी राहिली. आजच्या बहुतेक शिबांचं मूळ शिमाने प्रांतातल्या, 1930 साली जन्मलेल्या इशी नावाच्या कुत्र्यापर्यंत नेतात.

तारोची स्वच्छता आम्हालाच जड जायची. घरात लघवी करणं त्याला मंजूर नव्हतं. बरेचसे शिबा असेच असतात. 2019 च्या ऑक्टोबरातल्या मोठ्या वादळात दिवसभर गाड्या बंद, खिडक्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या. हा दाराशी उभा. मी न्हाणीघरात चादर अंथरली, तिच्याकडे त्याने असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मध्यरात्रीकडे वारा पडला, तेव्हा हे रेनकोट चढवून त्याला घेऊन गेले. दोन मिनिटांत काम आटोपून स्वारी परत! एरवी फिरताना पिशवीबरोबर पाण्याची बाटलीही न्यायची. जिथे पाय वर केला तिथे पाणी ओतून पुढे जायचं, ही इथली रीत.

वर्षाचं वेळापत्रक त्याच्या अंगावरच्या केसांनी ठरायचं. वरचा कोट राठ, आतला मऊ आणि दाट. वसंतात आतला निघायला लागला की रोज अंगणात विंचरलं तरी डाळीच्या डब्यात केस सापडायचे. जूनच्या पावसात कातडी खाजायची. या जातीला ॲलर्जी फार, त्यामुळे खाणं बदलताना डॉक्टरांना विचारूनच. उन्हाळ्यात डांबर तापायच्या आत, पहाटेच फिरणं. डासांचा मोसम असेतो दरमहा हृदयातल्या कृमींवरची गोळी. हाचिकोच्या शवात हे कृमीही सापडले होते, तेव्हा ही गोळी चुकवायची माझी कधी हिंमत झाली नाही. वसंतात नगरपालिकेचं रेबीजच्या लशीचं पत्र न चुकता येई. 1957 नंतर या देशातल्या जनावरांत रेबीज दिसलेला नाही, तरी कायद्याने लस दरसाल.

म्हातारपणी त्याचं डोकं भ्रमलं. जपानी जातींत हे बरंच दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. एकाच दिशेने गोल गोल फिरायचा, कोपऱ्यात शिरला की मागे यायचं सुचेना, तिथेच उभा राहून रडायचा. मग न्हाणीघरात पायाखाली घालतात त्या स्पंजच्या चटया उभ्या करून, एकमेकींना जोडून गोल कुंपण केलं. कोपराच नाही म्हटल्यावर अडकणार कुठे? इथे पुष्कळजण असंच करतात. रात्रभर चटईला अंग घासत फिरायचा. डायपर लावावा लागला. ज्याने वादळातही घर विटाळलं नव्हतं, त्याला ते लावताना मला त्याच्या तोंडाकडे बघवत नसे. पण आता तो हाताला विरोध करत नव्हता. कवटाळलं तरी चाले. मला ते नको होतं.

तो एका फेब्रुवारीत गेला. कुत्रा गेल्यावर तीस दिवसांत नगरपालिकेला कळवून नोंद रद्द करावी लागते. मी जाऊन गळ्यातला बिल्ला परत केला.

त्याचे फोटो पाहून अजून पुण्याहून विचारणा होते, "आमच्याकडे मिळेल का गं असला?" डोजकॉइन या आभासी चलनावर जिचं तोंड आहे ती शिबा काबोसु आमच्याच प्रांतातल्या साकुरा शहरातली, 2024 च्या मे महिन्यात वारली. बंद पडलेल्या पैदास-केंद्रातली ती कुत्री 2008 साली एका बाईंनी दत्तक घेतली होती. लोक फोटो बघतात, ती आली कुठून हे कुणी विचारत नाही. पुण्याच्या मंडळींना मी एवढंच सांगते: एप्रिल-मेच्या उन्हात दुहेरी कोटाचं जनावर एसीच्या खोलीत डांबू नका. गल्लीतलं एखादं पिल्लू घरी न्या, आणि रेबीजची लस दरवर्षी टोचा.