सून दीर्घ, सुनेला ऱ्हस्व

मास्तर निवृत्त होतो तो पगारातून, बोलण्यातून नव्हे. त्यामुळे आमच्या वाचनालयाच्या चिटणीसांनी "सर, शुद्धलेखनाचा एक छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम काढू या का?" असं विचारलं, तेव्हा चहा निवायच्या आत मी होकार दिला. विषय घरचाच. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली ४ नियमांची भर, असे १८ च्या १८ मला तोंडपाठ. राहिलं फक्त 'ऑनलाइन'.

त्या यंत्रणेचं नाव मूडल. ती फुकट मिळते हे कळताच माझी निम्मी भीती गेली. मार्टिन डुगियामास नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थानं ती पर्थला तयार केली. पहिली पक्की आवृत्ती २००२ ची. हा गृहस्थ लहानपणी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात राहायचा आणि रेडिओवरून शाळा शिकायचा. मास्तर दिसत नाही, त्याचा हात कानापर्यंत पोचत नाही! अशा शाळेतला मुलगा मोठेपणी दुसरं काय काढणार?

सूनबाई शिकवायला बसल्या. "बाबा, उजवीकडे वर बटण आहे ना, ते दाबा. आता संपादन चालू." अभ्यासक्रमाला एक पूर्ण नाव द्यायचं आणि एक लघुनाव; म्हणजे पाळण्यातलं आणि हाक मारायचं. मग विभाग पाडायचे. मी तीन पाडले आणि पहिल्याच पानावर ऱ्हस्व-दीर्घावर आठ परिच्छेद लिहिले.

"बाबा, लोक हे मोबाइलवर वाचणार. चार ओळी पुरे."

चार ओळींत मी हजेरीसुद्धा घेत नसे. पण चार ओळींचा नियम निघाला तो असा : अकारान्त शब्दातलं उपान्त्य अक्षर दीर्घ, सामान्यरूपात ते ऱ्हस्व. गरीब-गरिबाला, फूल-फुलाला, सून-सुनेला. (तत्सम शब्दांची तऱ्हा वेगळी.) "म्हणजे सून नुसती असली की दीर्घ, आणि तिला काही द्यायची वेळ आली की ऱ्हस्व!" सूनबाई म्हणाल्या. हे उदाहरण मी तस्संच ठेवलं. सासूबाईंना मात्र दाखवलं नाही.

खरी गंमत चाचणीत. लघुत्तरी प्रश्नाला आपण दिलेलं उत्तर जुळलं तरच गुण. विद्यार्थ्यानं 'फूल' लिहून पुढे पूर्णविराम दिला, की शून्य! असा काटेकोरपणा मला बोर्डाचे पेपर तपासतानासुद्धा जमला नव्हता. त्यावर तोडगाही आहे. पर्यायी उत्तरं आधीच लिहून ठेवायची, वाटल्यास एखाद्याला निम्मे गुण द्यायचे. आणि उत्तराच्या जागी नुसती एक चांदणी ठेवली, तर काहीही लिहिलेलं बरोबर. ही चांदणी आमच्या वेळी असती, तर कितीतरी बापांच्या शाळेतल्या खेपा वाचल्या असत्या.

"प्रयत्न किती द्यायचे?" सूनबाईंनी विचारलं.

"एक."

"मग शिकणार कधी?"

मी 'अमर्याद' निवडलं, पण तोंड कडू करून. परीक्षा म्हणजे काय धर्मशाळा आहे?

अभ्यासक्रम सुरू झाला. कोण कधी आलं, किती सोडवलं, सगळी नोंद यंत्र ठेवतं. त्यात एक बाई दिसल्या. रोज रात्री साडेअकरानंतर हजर. वाचनालयात संध्याकाळचा वर्ग घेतला असता, तर त्या वेळी त्यांची पोळ्यांची कणीक मळून व्हायची असणार. दहापैकी तीन गुण, मग चार, पुन्हा तीन. अकराव्या खेपेला दहा. मागे निरोप : "सर, सुनेला आता चुकत नाही."

माझ्या वर्गात ही मुलगी पहिल्या तिनालाच नापास झाली असती, आणि प्रगतिपुस्तकावर सही माझीच असती.

पण माझ्यातला मास्तर संशयी. अकरा खेपांत दहा प्रश्न कोणालाही पाठ होतील. म्हणून त्या रात्री प्रश्नपेढीत आणखी तीस घातले आणि दर वेळी त्यांतले कुठलेही दहा निघतील अशी नवी चाचणी लावली. पावणेबाराला पाहिलं, तर बाई आल्याच होत्या. बाराव्या खेपेला सहा.

सूनबाई झोपल्या होत्या. मीच संपादन चालू केलं आणि 'वकील-वकिलाला' एका नव्या पानावर घेतलं. चार ओळींत.