आजीची खुर्ची, नागोठणे

कोलाडला राफ्टिंगला जाणारी मंडळी नागोठण्याला थांबतात ती फार तर चहा-वडापावपुरती. मी थांबले ती स्केचबुक घेऊन. आजीसाठी खुर्ची करून घ्यायची होती!

डिझाइन माझंच. दोन महिने ऑफिसच्या लंच टाइममध्ये पेन्सिल झिजवून काढलेली अकरा स्केचेस. सागवान, बसकी सीट, मागे रेललेली पाठ, हात नाहीतच. एकदम कॉफी शॉप लुक. सुतारकाकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. ‘‘बसणार कोण?’’

‘‘आजी.’’

‘‘मग त्यांना उठवणार कोण?’’

आली का पंचाईत! आजीचे गुडघे गेलेत हे मला ठाऊक होतं, पण स्केचमध्ये ते कुठेच नव्हतं.

आजीचं घर अंबा नदीवरच्या सोळाव्या शतकातल्या दगडी पुलापासून जवळ. (पुलाच्या कमानींचंही एक स्केच केलं होतं, आजीने कौतुक केलं ते फक्त त्याचंच.) दुसरा दिवस मी नुसती ओटीवर बसून तिला बघत होते. तिची प्लॅस्टिकची खुर्ची, जिला मी कायम नाकं मुरडली. दोन्ही हातांवर तळवे दाबायचे, थोडं पुढे सरकायचं, की आजी उभी. एका हाताने खुर्ची उचलून उन्हामागे परसात. पावसाळ्यात अंबेचं पाणी बाजारपेठेत शिरलं की हीच सगळ्यात आधी माळ्यावर जाते. भिजली तरी बिघडत नाही.

आँरी मॅसोने या फ्रेंच माणसाने १९७२ मध्ये अशी एकसंध खुर्ची बाजारात आणली, दोन मिनिटांच्या आत साच्यातून बाहेर! आज अशा खुर्च्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. आणि ते बनतं कुठे, तर इथेच, नागोठण्याच्या कारखान्यात. आधी आयपीसीएलचा, २००७ च्या विलीनीकरणानंतर रिलायन्सचा. म्हणजे मी जिला परकी समजत होते, ती निघाली गाववाली!

मग टेप घेतला. जमिनीपासून आजीच्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत सोळा इंच. सुतारकाकांनी प्लायच्या तुकड्यावर फुल साइझ बारावं ड्रॉइंग काढलं. सीट वर आली, हात आले, पाठ सरळ झाली. माझी सुंदर तिरकी रेघ गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू!

आजीने ड्रॉइंग नीट पाहिलं. म्हणाली, ‘‘मला उचलवेल का गं ही?’’

परतीच्या गाडीत पाठीच्या पाच पट्ट्यांमधल्या दोन खोडल्या.