आधी माल, मग वीट

शिंपल्याच्या आतल्या चकचकीत थराचं वर्णन करायचं झालं की पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत हटकून विटांची भिंत येते. कॅल्शियम कार्बोनेटच्या चपट्या चकत्या म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला प्रथिनांचा पातळ पदर म्हणजे सांध्यातला माल. माझं या भिंतीशी जुनं भांडण आहे. दिसायला ती भिंतच दिसते, त्याबद्दल तक्रार नाही. चकती सुमारे अर्धा मायक्रॉन जाड, ५ ते १० मायक्रॉन रुंद, एकीवर एक असे शेकडो थर. पण गवंडी ज्या क्रमाने भिंत चढवतो त्याच्या अगदी उलटा क्रम शिंपल्यात आहे, आणि सगळी गंमत त्या क्रमातच आहे.

मी नमुने तयार करते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं छापून येतात तेव्हा नाव संशोधकाचं असतं, ते योग्यच आहे. पण चित्र नीट येणार की नाही हे त्याआधी आमच्या टेबलावर ठरलेलं असतं. माझा आवडता शिंपला गोड्या पाण्यातला, लॅमेलिडेन्स. नदीच्या, तळ्याच्या गाळात अर्धा रुतून बसणारा, बाहेरून मळकट तपकिरी. तुकडा इपॉक्सीत बसवायचा, हिऱ्याच्या पात्याने सावकाश कापायचा, मग घासकागद, आधी ६०० नंबरचा, मग १२००चा, त्यानंतर हिऱ्याची पेस्ट आणि अखेरीस सिलिकाचं दुधी पाणी. घाई केली की चकत्यांच्या कडा उडतात आणि वर बसलेला संशोधक त्या खड्ड्यांना ‘नवीन रचना’ समजू लागतो. शिंपला वीज वाहून नेत नाही, म्हणून शेवटी त्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा द्यावा लागतो. नाहीतर इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर साचतात आणि पडदा नुसता पांढरा भगभगतो.

एकाच शिंपल्याचे दोन तुकडे घ्यावेत. एक ब्लीचच्या पाण्यात ठेवावा. ब्लीच प्रथिनं खातं, खनिजाला फारसं लागत नाही. चकत्या मोकळ्या होऊन ढिसूळ पत्त्यांसारख्या सुटतात. दुसरा ईडीटीएमध्ये. ते कॅल्शियमला पकडून ओढून नेतं, खनिज निघून जातं आणि मागे उरतात एकावर एक पसरलेले पातळ पापुद्रे. वजनाने सगळ्या थरात हे पापुद्रे जेमतेम ५ टक्के, बाकी ९५ टक्के खनिज. नवख्या माणसाला वाटतं की खरा शिंपला पहिल्या भांड्यात आहे. मला दुसऱ्या भांड्यातला खरा वाटतो.

कारण पापुद्रे आधी तयार होतात. बेव्हलँडर आणि नाकाहारा यांनी १९६९ मध्ये वाढत्या कडेचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना खनिज भरण्याआधीच पडद्यांनी आखलेले कप्पे दिसले. स्फटिक त्या कप्प्यात जन्मतो आणि कप्पा संपेपर्यंत वाढतो. चकतीची जाडी ठरते ती दोन पडद्यांमधल्या अंतरावरून. म्हणजे आधी माल लागतो, मग त्यात वीट वाढते.

हे पडदे कसले? मधला गाभा कायटिनचा, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं त्याच कुळातल्या द्रव्याचा. त्याच्याशी निगडित रेशमासारखी प्रथिनं. आणि त्यांना चिकटलेली तिसरी जात, जिच्यावर माझा सर्वांत जीव आहे: आम्लधर्मी प्रथिनं. त्यांच्या साखळीत ॲस्पार्टिक आम्ल खच्चून भरलेलं असतं, त्यामुळे त्यांच्यावर ऋण भार असतो आणि कॅल्शियमचे धन भाराचे आयन त्यांच्याकडे ओढले जातात. वाइनर आणि हूड यांनी १९७५ मध्ये शिंपल्यांतल्या अशा विरघळणाऱ्या प्रथिनांची ओळख करून दिली. पुढे वाइनर आणि लिया अद्दादी यांना या प्रथिनांचं दुहेरी वागणं दिसलं: तेच प्रथिन द्रावणात मोकळं तरंगत असलं तर स्फटिक वाढूच देत नाही, आणि एखाद्या पृष्ठभागावर पक्कं बसलं तर स्फटिकाची सुरुवात करून देतं.

ही गोष्ट मी घासकाम करताना पुष्कळदा मनात घोळवते. शिंपल्यातल्या प्राण्याला कॅल्शियम मिळवणं अवघड नाही. पाण्यातून, अन्नातून ते रक्तात येतं, बायकार्बोनेट येतं, आणि शिंपल्याच्या आतल्या अस्तराला लागून असलेल्या मांसल पडद्याच्या पेशी ते बाहेर सोडतात. अवघड आहे ते नको तिथे, नको तेव्हा स्फटिक होऊ न देणं. कवचाला चिकटलेल्या त्या पातळशा जागेत सगळीकडे खनिज थिजलं असतं तर प्राणी स्वतःच्याच घरात चिणला गेला असता. शिवाय बायकार्बोनेटपासून कार्बोनेट बनलं की प्रत्येक वेळी एक हायड्रोजन आयन, म्हणजे आम्ल, मागे उरतं. ते पेशींना सतत उपसावं लागतं. शिंपला बराच वेळ मिटून बसला आणि आतला ऑक्सिजन संपला की आम्ल साचतं, आणि ते मारण्यासाठी प्राणी स्वतःच्या कवचाचा आतला पृष्ठभाग थोडा विरघळवतो. काही नमुन्यांच्या आतल्या बाजूला खरबरीतपणा दिसला की मी आधी माझ्या घासकागदावर आणि मग या सवयीवर संशय घेते.

कॅल्शियम कार्बोनेट एकाच रीतीने रचलं जात नाही. कॅल्साइट आणि ॲरागोनाइट ही त्याची दोन नेहमीची रूपं: अणू तेच, मांडणी वेगळी. चकचकीत थर नेहमी ॲरागोनाइटचा. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या पाचपट मॅग्नेशियम असतं, आणि मॅग्नेशियम कॅल्साइटला अडवतं, म्हणून तिथे ॲरागोनाइट व्हावं हे समजण्यासारखं आहे. पण माझा लॅमेलिडेन्स तर गोड्या पाण्यातला, आणि त्याचं सगळं कवच ॲरागोनाइटचं! उलट अकोया या जपानी मोत्यांच्या कालवात बाहेरचे खांब कॅल्साइटचे आणि आतला थर ॲरागोनाइटचा. एकच प्राणी, एकच समुद्र. अशा शिंपल्याला पॉलिश करताना कॅल्साइट जरा लवकर झिजतो आणि दोन थरांच्या सांध्यावर पायरी पडते. ती पायरी काढण्यातच अर्धा दिवस जातो.

निवड पाण्याची नसून प्रथिनांची आहे, हे १९९६ मध्ये फलिनी, अद्दादी, वाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेच्या भांड्यात करून दाखवलं. त्यांनी माकुलाच्या पाठीतल्या पारदर्शक पात्याचं कायटिन घेतलं, रेशमाच्या किड्याचं प्रथिन घेतलं, आणि त्यात शिंपल्याच्या थरांतून काढलेली आम्लधर्मी प्रथिनं मिसळली. ॲरागोनाइटच्या थरातली प्रथिनं घातली की ॲरागोनाइट, कॅल्साइटच्या थरातली घातली की कॅल्साइट. माझ्या मते या विषयातला इतका देखणा प्रयोग दुसरा नाही. पुढे २००९ मध्ये जपानी संशोधकांनी अकोयात ‘पिफ’ नावाचं प्रथिन शोधलं. त्याचा एक भाग कायटिनला धरतो, दुसरा ॲरागोनाइटला. त्याच्या जनुकाचा आवाज दाबला तेव्हा आतल्या थराची शिस्तच मोडली.

कुठला थर कुठला, हे आम्ही रामन वर्णपटावर तपासतो. १०८५च्या आसपासची उंच रेष दोन्ही रूपांत सारखी. खरा फरक ७००च्या जवळ, कॅल्साइटची ७१२ला, ॲरागोनाइटची जोडी ७०१ आणि ७०५ला. आणि ज्यांचं नाव या तंत्राला मिळालं त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बेंगळुरूत १९३४-३५ च्या सुमारास शिंपल्यांच्या इंद्रधनुषी रंगांवर लेखमाला लिहिली होती, हे माझ्या तरुण सहकाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. तो रंग रंगद्रव्याचा नाही. चकत्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास आहे, म्हणून थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून रंग उठतो.

सगळेच शिंपले विटांचे नसतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले शिंपले प्लॅकुना प्लॅसेंटा या कालवाचे. त्याचं कवच जवळजवळ ९९ टक्के कॅल्साइट, लांबट पातळ पट्ट्यांच्या थरांचं, आणि दृश्य प्रकाशातला सुमारे ८० टक्के प्रकाश त्यातून पार जातो. टोचल्यावर तडा मोठा न होता ठोक्याभोवतीच अडकून राहतो. तो कापायला मला अजिबात आवडत नाही. पात्याखाली पापुद्रे सुटत जातात.

एक कबुली मात्र द्यायला हवी, आमच्या अख्ख्या व्यवसायाची. निर्वात पोकळीत जे जातं ते वाळलेलं असतं. लेव्ही-कालिस्मन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गोठवलेले ओले नमुने पाहिले, तर रेशमासारखी प्रथिनं चकत्यांमध्ये ताठ पडद्यासारखी नसून पाण्याने भरलेल्या जेलसारखी पसरलेली असावीत असं दिसलं. स्फटिक त्या जेलला बाजूला सारत वाढतो. म्हणजे ईडीटीएच्या भांड्यातले माझे लाडके पापुद्रेसुद्धा आक्रसलेले आहेत. छापील चित्र बघताना हे ध्यानात ठेवावं. आणि ‘वीट-सिमेंट’ हा शब्द मथळ्यात आला की तो लेख जरा सावधपणे वाचावा.

घरी पाहायचं असेल तर सूक्ष्मदर्शक लागत नाही. शिनाण्या आणल्यात तर खाऊन झाल्यावर एक शिंपला धुऊन काचेच्या वाटीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. बुडबुडे येऊ लागतील, तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले की व्हिनेगर बदला. काही दिवसांनी खनिज संपेल आणि हातात येईल ती बाहेरची हिरवट, लवचिक साल, जी प्राण्याने सगळ्यांत आधी विणली होती. बोटांत धरून ओढू नका, फाटते.